‘फेमिनिझम’ या शब्दाचा नेमका अर्थ काय, आणि तो आला कुठून?

प्रश्नाचा उरलेला भाग असा आहे: हा शब्द कुणी काढला, आणि समानताच हवी असेल तर नावात एकटी बाईच का?

‘शार्ल फूर्येने १८३७ मध्ये हा शब्द घडवला’ हे वाक्य स्पर्धा परीक्षांच्या नोट्सपासून व्याख्यानांपर्यंत सगळीकडे फिरतंय. ते वाचलं की माझं डोकं उठतं. स्त्रियांना जितकं स्वातंत्र्य तितकी समाजाची प्रगती, असं फूर्ये या फ्रेंच विचारवंताने १८०८ मध्येच लिहिलं होतं, त्यामुळे शब्द त्याच्या नावावर खपून गेला. पण त्याच्या लेखनात तो शोधणाऱ्यांना सापडलेला नाही, आणि १८३७ हे तर त्याच्या मृत्यूचं साल. शब्दाचा जन्म सांगायचा तर तो कुठे छापला, कधी छापला आणि तिथे त्याचा अर्थ काय होता, ही तिन्ही उत्तरं लागतात. एक जरी नसेल तर ती ऐकीव गोष्ट.

फ्रेंचमधला छापील पुरावा बघितला तर हा शब्द आधी रोगाचं नाव म्हणून भेटतो. १८७१ मध्ये फानो द ला कूर नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने क्षयरोगावर फ्रेंचमध्ये प्रबंध लिहिला. काही पुरुष रोग्यांचं शरीर बायकी वळणाचं दिसतं, या लक्षणाला त्याने ‘फेमिनिझ्म’ म्हटलं. इथे शेपटाकडे नीट बघा. फ्रेंच-इंग्रजीत हा ‘इझम’ मताला लागतो तसा विकारालाही लागतो: सोशॅलिझम आणि ऱ्हुमॅटिझम, म्हणजे संधिवात. मराठीत आपण तिथे डोळे झाकून ‘वाद’ लावतो, त्यामुळे ही अर्धी गोष्ट भाषांतरातच गळते. संधिवातात ‘वात’ आहे, ‘वाद’ नाही!

पुढच्याच वर्षी, १८७२ मध्ये, धाकट्या अलेक्सांद्र द्युमा या फ्रेंच लेखकाने व्यभिचारावर एक पुस्तिका लिहिली. व्यभिचारी बायकोला ठार मारणाऱ्या एका नवऱ्याचा खटला तेव्हा गाजत होता. अशा बायकोचं काय करावं, याचं द्युमाने शेवटी दिलेलं उत्तर दोन शब्दांचं होतं: मारून टाक. याच पुस्तिकेत, बाई पुरुषाच्या बरोबरीची आहे असं म्हणणाऱ्यांना त्याने ‘फेमिनिस्त’ म्हटलं, आणि नवा शब्द वापरतोय म्हणून वाचकांची माफीही मागितली. म्हणजे राजकीय अर्थाने हा शब्द आला तो टोमणा म्हणून, तोही विरोधकाच्या लेखणीतून, रोगाच्या नावाचा वास अंगावर घेऊन. (हाच द्युमा १८८० मध्ये बायकांच्या मताधिकाराच्या बाजूने लिहू लागला, तो भाग वेगळा.) आज ‘फेमिनिस्ट’ शिवीसारखं वापरणाऱ्यांना आपण काही नवीन करतोय असं वाटत असेल, तर त्यांना दीडशे वर्षं उशीर झालाय.

टोमणा उचलून आपलं नाव केलं ते ह्युबर्टीन ओक्लेर या फ्रेंच बाईने, १८८२ मध्ये. मत नाही तर करही नाही, म्हणून तिने १८८० मध्ये कर भरायचं नाकारलं होतं. १८९२ मध्ये पॅरिसच्या परिषदेच्या नावातच हा शब्द आला आणि त्याच दशकात तो या अर्थाने इंग्रजीत रुळू लागला. मेरी वुलस्टनक्राफ्ट या इंग्रज लेखिकेने १७९२ मध्ये बायकांच्या हक्कांचा सगळा युक्तिवाद मांडला तो या शब्दाशिवाय.

आता ‘हे पाश्चात्त्यांकडून आलेलं खूळ’ म्हणणाऱ्यांसाठी. त्याच १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ पुण्यात छापून निघालं. नवजात मूल मारल्याबद्दल सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला फाशी सुनावली गेली, वर्तमानपत्रांनी समस्त बायकांवर तोंडसुख घेतलं, आणि ताराबाईंनी विचारलं की हेच दुर्गुण पुरुषांत नाहीत का? ओक्लेरचं लेखन वाचून काही त्या लिहायला बसल्या नव्हत्या. पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला तोही १८८२ मध्येच. शब्द आयात आहे, भांडण घरचं आहे.

मुळाचं म्हणाल तर लॅटिन ‘फेमिना’ म्हणजे बाई, मुळात पाजणारी. संस्कृतातला ‘धे’ हा धातू तिचा नातलग, म्हणजे आपली धेनू याच गोतावळ्यातली. पंधराव्या शतकात चेटकिणी हुडकण्यासाठी लिहिलेल्या एका लॅटिन ग्रंथाने ‘फे’ म्हणजे श्रद्धा आणि ‘मिनुस’ म्हणजे कमी, अशी फोड केली होती. ती शुद्ध थाप आहे.

मराठीत १९७५ च्या आसपास ‘स्त्रीमुक्ती’ जास्त चालायचा, ‘स्त्रीवाद’ नंतर बसला. ‘वाद’ म्हणजे सिद्धान्त आणि ‘वाद’ म्हणजे भांडण, दोन्ही एकाच शब्दात आल्याने निम्मे लोक भांडणच ऐकतात. आणि उरलेले स्त्रीदाक्षिण्यालाच स्त्रीवाद समजतात. फरक सांगते. एसटीत बाईसाठी उठून जागा देणं हे दाक्षिण्य. सातबाऱ्यावर बहिणीचं नाव का नाही, हे विचारणं म्हणजे स्त्रीवाद. महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासून हिस्सा मिळाला. तरी साडीचोळी करून हक्कसोडपत्रावर सही घेणं चालूच आहे, आणि घेणारे बसमध्ये हमखास उठून जागा देणारे असतात. नावात बाईच का, याचं माझं उत्तर एवढंच, की सही तिचीच मागतात. भावाला हक्क सोडायला कुणी ओवाळून विनवत नाही. बहिणींनो, सही न केल्याने हिस्सा जात नाही. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मात्र फिरवायला कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि फसवणूक किंवा दबाव सिद्ध करणं सोपं नसतं. ‘नुसता कागद आहे’ म्हणणाऱ्याकडून कागद घ्या, घरी आणा, वाचा.

हो, आणि एक राहिलं: ताराबाईंनी स्वतःला ‘स्त्रीवादी’ म्हटलेलं नाही. ती चिठ्ठी आपण नंतर चिकटवली आहे. १८७१ च्या आधीही इंग्रजीत हा शब्द तुरळक सापडतो, पण तिथे अर्थ नुसता ‘बाईपण’ असा आहे.