म्युऑन मोजू पाहणाऱ्या मुलाच्या वडिलांस

सप्रेम नमस्कार.

आपला मुलगा बारावीत आहे, भौतिकशास्त्रात त्याला 71 टक्के आहेत आणि मूलकणांचे चुंबकीय परिबल, म्हणजे कण किती जोराचा चुंबक आहे ते, मोजण्याच्या प्रयोगांत त्याला काम करायचे आहे. "मोजण्यात कसले आले करिअर? त्याची समजूत घाला," असे आपण लिहिता. गुणांची मला चिंता नाही. अस्वस्थ केले ते आपण जाता जाता लिहिलेल्या एका वाक्याने: अभ्यासात लक्ष लागावे म्हणून त्याचे सोल्डरिंग आयर्न आणि मल्टिमीटर आपण कपाटात कुलूपबंद केले आहेत. ज्या कामाची त्याला ओढ आहे, त्याची तयारीच आपण थांबवली आहे, आणि हे मला साफ चूक वाटते.

मोजणे म्हणजे आकडे टिपून घेणे, हा आपला समजही काढून टाका. शिकागोजवळच्या फर्मिलॅब या प्रयोगशाळेत म्युऑनचे, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जड भावंडाचे, परिबल मोजले गेले. चुंबकीय क्षेत्रात म्युऑनचा अक्ष भोवऱ्यासारखा डोलतो आणि त्या डोलण्याच्या गतीवरून परिबल काढतात. क्षेत्र जरासे जरी कमीजास्त असले तरी उत्तर बिघडते. म्हणून म्युऑन ज्यात फिरतात त्या 14 मीटर व्यासाच्या कड्यातले 1.45 टेस्लाचे क्षेत्र सर्वत्र सारखे व्हावे यासाठी तिथल्या माणसांनी हजारो पातळ लोखंडी तुकडे, कुठे किती हवे ते मोजून, जागोजागी बसवले, आणि 17 संवेदकांची एक छोटी गाडी कड्याच्या आतून फिरवून क्षेत्राचा नकाशा पुन्हा पुन्हा काढला. जून 2025 मध्ये अंतिम निकाल आला; साध्या सिद्धान्ताच्या आकड्याहून परिबल किंचित जास्त असते, आणि त्या जादा भागाच्या मोजमापातली अनिश्चितता अब्जात 127 भाग आहे, म्हणजे मुंबई ते पुणे हे सुमारे 150 किलोमीटरचे अंतर दोन सेंटिमीटरच्या आत सांगण्याइतकी. सिद्धान्ताच्या आकडेमोडीला हा नेमकेपणा अजून गाठता आलेला नाही.

वाट ओळखीची आहे: आयसर या विज्ञानसंस्थांसाठी आयएटी ही प्रवेशपरीक्षा, तर नायसर आणि मुंबईच्या सीईबीएस या विज्ञानसंस्थांसाठी नेस्ट ही प्रवेशपरीक्षा. पुढे पीएचडीपर्यंत दहा-अकरा वर्षे जातील आणि संगणकावर आकडेवारी तपासण्याचे काम भरपूर असेल. गणित त्याला आत्ताच पक्के करावे लागेल, हे त्याला मी स्पष्ट सांगेन.

समजूत मात्र घालणार नाही. विनंती आपल्याला आहे: कपाटाची किल्ली त्याला द्या, आणि रविवारी तो काय जोडतो, काय मोजतो आणि दुसऱ्यांदा मोजल्यावर आकडा का बदलला, हे त्याच्या शेजारी बसून विचारा.