नाशिकमध्ये आई-वडिलांच्या घराचं वीजबिल वाढतंय. पैसे घेऊन ऑनलाइन ‘एनर्जी ऑडिट’ करून देणारी सेवा घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की आई-वडील इंदिरानगरला दोघंच राहतात, घरात एसी नाही, तरी बिल वाढत चाललंय. एक कंपनी ग्राहक क्रमांक घेऊन घरबसल्या ऑडिटचा अहवाल देते म्हणते, तो घ्यावा का. माझं मत: आत्ता घेऊ नका. आधी घरातला मीटर काय सांगतो ते बघा.

मी सातपूर-अंबडच्या कारखान्यांत एनर्जी ऑडिटचं, म्हणजे वीज कुठे किती जाते ते तपासण्याचं काम करते आणि ओळखीतल्या घरांची बिलंही बघून देते. अशा बऱ्याच ऑनलाइन अहवालांत घराची माहिती फार थोडी असते. ग्राहक क्रमांकावरून महिन्याचे युनिट कळतात, पण ते गेले कुठे हे कळत नाही. मग सरासरी घर धरून सल्ला दिला जातो: एलईडी लावा, फाइव्ह स्टार फ्रिज घ्या, एसी 24 अंशांवर ठेवा. सल्ला चुकीचा नसतो. तुमच्या आई-वडिलांना मात्र त्याचा उपयोग शून्य, कारण एसीच नाही.

गंगापूर रोडला एका काका-काकूंकडे गेले होते. त्यांच्या मुलानेही असाच अहवाल मागवला होता. आम्ही पंखे, दिवे, टीव्ही बंद केले, फ्रिजचा प्लग काढला आणि जिन्यातल्या मीटरपाशी उभे राहिलो. मीटरवर एक बारीक लाल दिवा असतो, वीज वापरली जाईल तसा तो लुकलुकतो. सगळं बंद असताना तो थांबायला हवा. तो सेकंदाला जवळपास दोनदा लुकलुकत होता. मग मी डीबीतले (घरातल्या मुख्य स्विचच्या पेटीतले) एमसीबी, म्हणजे एकेका भागाची वीज तोडणारे खटके, एकेक करून खाली केले. बाथरूमचा पाडला आणि दिवा थांबला. गीझर चालू होता. त्याच्या बाहेरच्या स्विचवरचा इंडिकेटर कधीतरी गेला होता, त्यामुळे बटण दाबलेलं राहिलं तरी कुणाच्या लक्षात येत नव्हतं. पाणी निवलं की गीझर आपोआप पुन्हा तापवायला घेई. इंडिकेटर बदलायला किरकोळ खर्च आला. हे कुठल्याही अॅपला दिसलं नसतं.

तुम्ही दूर असलात तरी हे व्हिडिओ कॉलवर करता येईल. मीटरच्या पाटीवर ‘3200 इम्प/केडब्ल्यूएच’ (imp/kWh) असा आकडा छापलेला असतो (मीटरप्रमाणे तो वेगळा असू शकतो). म्हणजे 3200 वेळा लुकलुकलं की एक युनिट. या हिशेबाने साधारण अकरा सेकंदांनी एकदा लुकलुकत असेल तर 100 वॅट चालू आहेत, आणि सेकंदाच्या आत असेल तर नक्कीच काहीतरी तापतंय. वडिलांना फक्त बटणं आणि एमसीबी हाताळायला सांगा, कुठलंही झाकण उघडायला सांगू नका. इन्व्हर्टर असेल तर त्याची बॅटरी जुनी झाली आहे का तेही विचारा, कारण जुनी बॅटरी चार्जिंगला सारखी वीज ओढत राहते.

नाशिकच्या घरात हिवाळ्याचं बिल म्हणजे मुख्यतः गीझर. पंधरा लिटरची बादली 15 अंशांवरून 40 अंशांवर न्यायची तर जवळपास 0.44 युनिट लागतं, हे साधं भौतिकशास्त्र आहे. त्यात कुठलीही कंपनी जादू करू शकत नाही. वाचवायचं ते टाकीतलं पाणी उगाच तापून पडण्यातलं. आंघोळीच्या थोडं आधी लावा, झाली की बंद करा. थर्मोस्टॅट (पाणी किती तापवायचं ते ठरवणारी कळ) कमी ठेवा म्हणजे गरम पाण्यात थंड मिसळण्याची पाळी येत नाही.

उन्हाळ्यात नंबर पंख्यांचा. जुना पंखा 75 वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या मोटरचा) पंखा 30च्या. दिवसाला बारा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला साधारण 16 युनिट वाचतात. आई-वडील दिवसभर घरी असतात, म्हणून हॉल आणि त्यांच्या खोलीतले दोन पंखे आधी बदला. पाहुण्यांच्या खोलीतला राहू द्या. पंख्यांवर स्टार लेबल 1 जानेवारी 2023 पासून सक्तीचं आहे, आणि बीईईच्या (स्टार लेबल देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) मोफत अॅपवर मॉडेलं शेजारी ठेवून बघता येतात. माझ्या मते डिजिटल सल्ल्याचा सर्वांत प्रामाणिक उपयोग हाच आहे. सेट-टॉप बॉक्स रात्रंदिवस 10 वॅट घेत असेल तर महिन्याचे सात युनिट होतात, तोही भिंतीवरच्या बटणावरून बंद करायचा.

युनिट थोडे वाचले तरी रुपये जास्त का वाचतात, हे आई-वडिलांना बिल दाखवून समजावा. महावितरणचे घरगुती टप्पे 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढे असे आहेत. 320 युनिटांचं घर 280 वर आलं तर कमी झालेले 40 युनिट वरच्या, महाग टप्प्यांतले असतात. शिवाय वहन आकार (वीज तारांवरून घरापर्यंत आणण्याचा) दर युनिटामागे लागतो आणि वीज शुल्क टक्क्यांत, तेही कमी होतात. स्थिर आकार मात्र तसाच राहतो. तुलना मागच्या महिन्याशी नको, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर दिलेला असतो. युनिट तेवढेच असून रक्कम वाढली असेल तर दर वाढलेत, घरात काही बिघडलेलं नाही.

आता खरी काळजी. ग्राहक क्रमांक दिला तर फार बिघडत नाही, पण ओटीपी, बँकेचे तपशील किंवा मोबाईलचा ताबा घेणारं अॅप कुणी मागितलं तर बोलणं तिथेच थांबवा. ‘आज रात्री तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा’ अशा मेसेजनी ज्येष्ठांची खाती रिकामी झाली आहेत. आईच्या फोनमध्ये 1912 (महावितरण) आणि 1930 (सायबर फसवणूक) हे दोन नंबर आजच सेव्ह करून द्या. आणि सल्ल्याच्या शेवटी प्लगमध्ये खोचायचा ‘पॉवर सेव्हर’ डबा विकायला काढला तर समजून जा. त्यात बहुधा एक कपॅसिटर (वीज क्षणभर साठवून परत सोडणारा छोटा भाग) असतो. घरगुती बिल किलोवॅट-तासांवर, म्हणजे युनिटांवर आकारलं जातं, ते कपॅसिटरने कमी होत नाही.

मला मनापासून वाटतं की अशी तपासणी वॉर्डावॉर्डात, घरी येऊन, मोफत व्हायला हवी. एकलहऱ्याचं औष्णिक (कोळशावर वीज बनवणारं) केंद्र आपल्या उशाशी आहे. कोळशाच्या विजेच्या एका युनिटामागे अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो, म्हणजे युनिट वाचलं की तेवढा कोळसाही वाचतो. आणि अॅप चालवता न येणाऱ्या, दिवसभर घरी असणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनाच या सल्ल्याची जास्त गरज असते.

सोलरचाही तुम्ही उल्लेख केलाय. पीएम सूर्यघर या छतावरच्या सोलरच्या केंद्रीय योजनेत 1 किलोवॅटला 30 हजार, 2 ला 60 हजार आणि 3 किंवा जास्तला 78 हजार रुपये अनुदान आहे. एक किलोवॅट महिन्याला साधारण 120 युनिट देतो. गीझर आणि पंख्यांचं काम आधी करा, मग वर्षाची बेरीज बघून किलोवॅट ठरवा. दोघांच्या घराला कदाचित एकच पुरेल.