सुरक्षेच्या नावाखाली सरकार व्हॉट्सॲप कॉल बंद करू शकते काय?

करू शकते भाऊ. आधी 1885 चा टेलिग्राफ कायदा होता, आता 2023 चा दूरसंचार कायदा, सार्वजनिक सुरक्षा म्हटलं की नेटबंदीचा आदेश निघते, अन् नेट गेलं की व्हॉट्सॲप कॉलही बंद. साध्या फोनवरचं बोलणं कंपनीकडून ऐकता येते, व्हॉट्सॲपचं मधात कोणालेच ऐकू येत नाही म्हणून खटकते, अन् सिमबॉक्स, म्हणजे ढीगभर सिमकार्डं बसवलेलं यंत्र, लावून नेटवरून आलेले परदेशी कॉल लोकल नंबरवरून फिरवणारे सापडतातच, ती भीती खरी आहे. पण पोट्टं पुण्याले शिकते अन् माय रेंज भेटते म्हणून धुऱ्यावर उभी राहून त्याचं तोंड पाहते, तिचा काय गुन्हा? काश्मीरच्या नेटबंदीच्या केसमधे सुप्रीम कोर्टानं 10 जानेवारी 2020 ले सांगितलं, बेमुदत बंदी चालणार नाही, आदेश जाहीर करा. जिल्ह्यात नेट बंद झालं तर आधी तो आदेश मागा.