आधी हात उघडू द्या, चेंडू नंतर

तुमच्या आईंचे वय 63, रामबागेतल्या घरात पडून उजवे मनगट मोडले, प्लास्टर निघून 3 आठवडे झाले, पण बोटे अजून तळव्याला टेकत नाहीत आणि चहाचा कप धरवत नाही. कुणीतरी आणून दिलेला स्पंजचा चेंडू त्या दिवसातून 200 वेळा दाबतात आणि संध्याकाळपर्यंत हात सुजतो. पोळ्या आणि रांगोळी पुन्हा जमेल का, या काळजीने त्या खचल्या आहेत. तुमच्या प्रश्नाचा आशय मला एवढा समजला. माझे पहिले सांगणे असे की तो चेंडू आजच बाजूला ठेवावा. चेंडू वाईट नाही, पण त्याची पाळी अजून आलेली नाही.

याचे कारण हाताच्या रचनेत आहे. आपल्या एका हातात 27 हाडे असतात, पण बोटांमध्ये हालचाल करणारा स्नायू जवळजवळ नाही. बोटे मिटणारे आणि उघडणारे मोठे स्नायू कोपराच्या खाली, पुढच्या हातात असतात आणि त्यांच्या दोऱ्यांसारख्या लांब कंडरा मनगटातून बोटांपर्यंत जातात. अंगठा सोडून प्रत्येक बोटाला मिटण्यासाठी अशा दोन कंडरा असतात आणि त्या एकमेकींवरून सरकल्या तरच बोट नीट दुमडते. प्लास्टरमधल्या आठवड्यांत सूज आणि स्तब्धता यांमुळे हे सरकणेच बंद पडते. चेंडू तळव्यात भरला की बोटे तळव्यापर्यंत पोचूच शकत नाहीत, म्हणजे दुमडण्याचा जो शेवटचा टप्पा आईंना जमत नाही, नेमका तोच या व्यायामात कधी होत नाही. वर 200 वेळा जोर लावल्याने सूज वाढते आणि सुजलेले बोट आणखी कमी वळते.

हे मी अनुभवाने सांगते आहे. लोकमान्य नगरात मी पुष्कळ वर्षे पेटी शिकवत आले आणि वयाच्या 58 व्या वर्षी ओल्या पायरीवरून घसरून माझेही उजवे मनगट मोडले. प्लास्टर निघाल्यावर ओळखीच्यांच्या आग्रहाने मी एका मालिशवाल्याकडे गेले. त्याने गरम तेल चोळून माझी बोटे स्वतःच्या हाताने जोराने मिटवली, मला घेरी आली आणि पुढचे जवळजवळ 3 आठवडे हात इतका सुजला की होती तेवढी हालचालही गेली. म्हणून कळकळीने विनंती करते की दुसऱ्या कुणालाही आईंची बोटे ओढू किंवा दाबू देऊ नका. हालचाल त्यांची त्यांनीच करायची, ताण जाणवेल तिथपर्यंत, आणि थांबल्यावर दुखणे थोड्या वेळात शमले पाहिजे. अर्धा-पाऊण तास ठणकत राहिले तर तेवढा व्यायाम जास्त झाला असे समजावे.

सुरुवात सुजेपासून करा. बसताना हात मांडीवर लोंबता न ठेवता उशीवर, छातीच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा. दर तासाला हात डोक्यावर नेऊन 10 वेळा मूठ सावकाश मिटावी आणि बोटे पूर्ण ताणून उघडावीत, आणि त्यासोबत खांदाही हलवावा, कारण प्लास्टरच्या काळात जपून धरलेला खांदा पुष्कळदा आखडतो आणि तो दुखू लागेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. कोमट पाण्यात हात धरायचा तर 5 ते 10 मिनिटे पुरेत. पाण्यात हात खाली लोंबतो आणि उष्णतेने सूज चढते, म्हणून लगेच नंतर तो उंच धरून व्यायाम करावा.

आता मुख्य व्यायाम. हा दिवसातून चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी 5 ते 10 आवर्तने, एवढाच करायचा. कोपर टेबलावर टेकवून पंजा आशीर्वाद देतो तसा सरळ धरावा. मग बोटांची मुळे सरळ ठेवून फक्त वरचे दोन सांधे वळवून आकडा, म्हणजे हुकासारखा आकार, करावा, पुन्हा सरळ व्हावे. मग पूर्ण मूठ, पुन्हा सरळ. मग बोटे सरळच ठेवून मुळातून काटकोनात वाकवावीत, म्हणजे हात पाटासारखा दिसेल, पुन्हा सरळ. शेवटी मुळे आणि मधले सांधे वळवून, पण टोकाचे सांधे सरळ ठेवून, बोटांची टोके तळव्याच्या खालच्या भागाला लावायची. प्रत्येक स्थिती तीन-चार सेकंद धरावी. या सगळ्यांत आकड्याची स्थिती लोकांना सर्वांत क्षुल्लक वाटते, पण त्या दोन कंडरा एकमेकींवरून सर्वांत जास्त तिथेच सरकतात. मला पहिल्या दिवशी आकडा जमलाच नाही. बोटे वळवायला गेले की मुळेही सोबत वाकायची. तेव्हा डाव्या हाताने बोटांची मुळे हलकेच सरळ धरून ठेवली, आणि चौथ्या दिवशी मधले बोट अगदी थोडे, डोळ्यांना दिसेल न दिसेल इतके, वेगळे वळले. आईंना असे काही दिसले तर ती मोठी प्रगती आहे हे त्यांना जरूर सांगा.

बोटांइतकेच मनगटाकडे पाहावे लागते. तुम्ही स्वतः आत्ता मनगट खाली वाकवून मूठ घट्ट आवळून पाहा, आवळली जाणार नाही. मनगट किंचित मागे झुकले असेल तरच मुठीत जोर येतो, आणि प्लास्टरनंतर नेमके हे मागे झुकणेच कमी झालेले असते. पुढचा हात टेबलावर, पंजा कडेबाहेर, तळवा जमिनीकडे, असे ठेवून मनगट सावकाश वर उचलावे आणि खाली सोडावे. वर उचलताना बोटे सैल ठेवावीत, कारण बोटे ताठ केली की त्यांचेच स्नायू पंजा उचलतात आणि मनगटाचे स्नायू आळशी राहतात. दुसरी हालचाल तळवा आकाशाकडे वळवण्याची. देवळात तीर्थ घेताना हात जसा पुढे करतो तसा, पण कोपर कमरेला चिकटवून, नाहीतर खांद्यातून हात फिरवून आपण स्वतःची फसवणूक करतो. माझ्या मैत्रिणींपैकी ज्यांचे मनगट मोडले त्यांतल्या बहुतेकींना मूठ आधी जमली आणि तीर्थासाठी तळवा कितीतरी उशिरा वळला, तेव्हा या हालचालीला जास्त दिवस लागले तरी घाबरू नये.

अंगठ्याने एकेका बोटाचे टोक शिवावे, करंगळीपर्यंत पोचल्यावर अंगठा करंगळीवरून घसरत तिच्या मुळाशी न्यावा.

हाताचे कसब परत येते ते बारीक कामांनी, आणि आपल्या घरांत अशी कामे विकत आणावी लागत नाहीत. आईंना फुलवाती वळायला द्या. कापसाचा पुंजका सारखा करणे, चिमटीत धरणे, अंगठा आणि तर्जनी यांच्यात टोक पिळणे, यात जोर जवळजवळ नाही, पण बोटांच्या टोकांना सतत काम आहे. त्या पूर्वी गव्हले किंवा नखुल्या करत असतील तर तेही उत्तम. कणकेच्या मऊ गोळ्यातून प्रत्येक बोटाने आळीपाळीने चिमटे काढणे आणि बोटांनी त्याची लांब वळी करणे हा व्यायाम दवाखान्यातल्या लवचीक लगद्याइतकाच चांगला आहे. थंडीत बटले, म्हणजे मटार, येतील तेव्हा शेंगा सोलणे आहेच.

रांगोळीविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिते, कारण तुम्ही ती शेवटची गोष्ट म्हणून लिहिली आहे आणि मी ती आधी सुरू करायला सांगणार आहे. पकडणे हे हाताचे अर्धे काम असते, उरलेले अर्धे बेताने सोडणे हे असते आणि आखडलेल्या हाताला सोडणे जास्त जड जाते. रांगोळीची चिमूट धरून अंगठा तर्जनीच्या पेरावरून हळूहळू पुढे सरकवत पूड एकसारखी सोडणे हा या सोडण्याचाच अभ्यास आहे. खाली वाकून बसण्याची घाई नको. टेबलावर जुने वर्तमानपत्र पसरून त्यावर नुसत्या सरळ रेघा काढाव्यात. पहिले काही दिवस रेघ तुटेल, कुठे ढीग पडेल. रोजचा कागद तारीख घालून फोटोत ठेवा. दोन आठवड्यांनी ते फोटो शेजारी ठेवून पाहिले की धीर देण्यासाठी तुम्हाला वेगळे काही बोलावे लागणार नाही.

याच्या जोडीला नाण्यांचा एक व्यायाम आहे. 5 नाणी टेबलावरून एकेक उचलून त्याच हाताच्या तळव्यात साठवायची, आणि मग दुसऱ्या हाताची मदत न घेता अंगठ्याने एकेक नाणे बोटांच्या टोकाशी आणून डबीत टाकायचे. साठवणे लवकर जमते, बाहेर आणणे फार कठीण जाते. घरी पेटी असेल तर तीही उपयोगी पडते. पांढरी एकपासून पाच बोटे पाच सुरांवर टेकवून सा ते प सावकाश वाजवावे, एक बोट दाबताना बाकीची पट्टीवर नुसती विसावलेली असावीत. सूर लांबला किंवा तुटला की कानाला तत्काळ कळते, आणि कान जितका कडक परीक्षक आहे तितके डोळे नाहीत. अनामिका मागे पडली तर मन खट्टू करू नये. तिची उचलणारी कंडरा शेजारच्या बोटांच्या कंडरांशी आडव्या पट्ट्यांनी बांधलेली असते, त्यामुळे धडधाकट माणसालाही ती एकटी उचलणे अवघड जाते.

स्पर्श बोथट वाटत असेल तर परातभर तांदळात एक बटण, एक सुपारी आणि एक किल्ली लपवून, डोळे मिटून शोधायला सांगा.

प्रगती मोजल्याशिवाय राहू नका, कारण रोज पाहणाऱ्याला फरक दिसत नाही. मूठ मिटल्यावर मधल्या बोटाचे टोक तळव्यापासून किती सेंटिमीटर दूर राहते ते आठवड्यातून एकदा पट्टीने मोजून लिहा. तपासणीत वापरली जाणारी एक चाचणी अशी आहे की पाटीतल्या 9 भोकांत 9 खुंट्या बसवून परत काढायच्या आणि लागलेला वेळ मोजायचा. निरोगी प्रौढ माणसाला त्यासाठी साधारण 20 सेकंद लागतात, उतारवयात काही अधिक. घरी 20 राजमे एकेक उचलून अरुंद तोंडाच्या बाटलीत टाकायला किती वेळ लागतो ते पाहिले तरी चालेल, फक्त बाटली आणि दाणे दर वेळी तेच हवेत. मनगटाच्या अस्थिभंगानंतर बराचसा सुधार पहिल्या 3 ते 6 महिन्यांत होतो, पण पकडीचा जोर वर्षभर वाढत राहतो, हे आईंना आत्ताच सांगून ठेवा.

पुढील गोष्टींत मात्र व्यायाम थांबवून हाडाच्या डॉक्टरांना लगेच दाखवावे. हात आगीसारखा जळत असेल, साधा कपडा लागला तरी सहन होत नसेल, कातडी चकचकीत किंवा रंग बदललेली दिसत असेल, अंगठा-तर्जनी-मधले बोट यांना रात्री मुंग्या येत असतील, किंवा अंगठ्याचे टोक कालपर्यंत वर उचलत होते आणि आज अचानक उचलत नाही असे झाले तर. हे शेवटचे लोकांना ठाऊक नसते. मनगट मोडल्यानंतर काही आठवड्यांनी अंगठा उचलणारी कंडरा हाडावर घासून तुटू शकते आणि ती व्यायामाने जुळत नाही. हाड किती भरले आहे हे क्ष-किरण पाहून डॉक्टर सांगतील तोवर भरलेली बादली, कुकर, कणीक मळणे आणि हातावर भार देऊन उठणे पूर्ण बंद ठेवा, आणि मी वर लिहिलेले व्यायामही एकदा फिजिओथेरपिस्टसमोर करून दाखवा. आणखी एक, उभ्या उभ्या पडून 63 व्या वर्षी मनगट मोडले असेल तर हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्यावी. माझी राहिली होती आणि दोन वर्षांनी केली तेव्हा औषध सुरू करावे लागले.

पोळ्यांसाठी थोडे थांबा. बोटांची टोके तळव्याला टेकू लागली आणि डॉक्टरांनी भार द्यायला परवानगी दिली की पहिले काही दिवस कणीक तुम्ही मळा आणि आईंना फक्त पुऱ्या लाटायला बसवा, सैल कणकेच्या, हलक्या लाटण्याने, चार-पाचच. मधल्या बोटाचे या आठवड्याचे माप आणि तळवा कितपत वर वळतो ते कळवा, त्याप्रमाणे चेंडू कधी हातात घ्यायचा ते सांगते.