पार्केटसाठी ठेव मोडू का?

प्रश्न: स्वतःच्या घरात दिवाणखाना आणि दोन खोल्या मिळून 400 चौरस फुटांत हेरिंगबोन (माशाच्या काट्यासारख्या तिरक्या) नक्षीचं पार्केट, म्हणजे लाकडी फळ्यांची जमीन, घालायचं आहे. निम्मे पैसे अडीअडचणीच्या ठेवीतून आणि निम्मे तीन वर्षांच्या वैयक्तिक कर्जातून उभे करतोय. घराची किंमत वाढेल, म्हणून ही गुंतवणूकच धरली आहे. सोबत कोटेशन जोडलंय.

उत्तर: हौस जरूर करा, पण तिला गुंतवणूक म्हणू नका. ज्या घरात तुम्हालाच राहायचंय, त्याची वाढलेली किंमत तुमच्या हाती कधी पडणार? ठेवीला तर हातच लावू नका. नोकरी गेली तर जमीन उखडून हप्ते भरता येत नाहीत.

आता कोटेशन. त्यात फळ्या आणि मजुरी, एवढंच आहे. हेरिंगबोनमध्ये कापाकापीत साधारण 10 ते 15 टक्के माल वाया जातो, म्हणजे तुम्हाला 440 ते 460 चौरस फूट माल घ्यावा लागेल. खालची जमीन समतल करणं, गोंद, स्कर्टिंग, जमीन उंच झाल्यावर दारं खालून तासणं, यातलं काहीच धरलेलं नाही. ओल मोजण्याचाही उल्लेख नाही. कोब्यात ओल राहिली तर फळ्या फुगतात, उचलल्या जातात आणि सगळा खर्च पुन्हा करावा लागतो.

मला सगळ्यात खटकली ती तळाची बारीक ओळ: फळीवरचा खऱ्या लाकडाचा थर 0.6 मिमी. पार्केट महाग असूनही परवडतं, कारण ओरखडे पडले की घासून, पॉलिश करून ते पुन्हा नवं करता येतं. एका घासणीत अर्धा मिमी किंवा जास्तच थर जातो. तुमचा थर पहिल्याच खेपेला संपेल. 4 मिमीचा थर दोन-तीनदा घासता येतो. तेव्हा स्वस्त-महाग ठरवताना चौरस फुटाचा दर बघू नका, तो किती वर्षांत विभागला जातो ते बघा.

कर्जाचं म्हणाल तर 12 टक्के दराने तीन वर्षांत प्रत्येक 100 मागे जवळपास 120 फेडावे लागतात. शोभेच्या वस्तूसाठी मला ते जड वाटतं.

मी तुमच्या जागी असतो तर जो हप्ता भरणार होतो, तोच आजपासून दरमहा बाजूला टाकला असता आणि पैसे साठले की फक्त दिवाणखाना केला असता, 4 मिमी थराचा. खोल्या नंतर. तेव्हा लाकडाची छटा थोडी वेगळी आली तरी उंबऱ्यावरच्या पट्टीत ते खपून जातं. नवं कोटेशन मागवाल तेव्हा थराची जाडी आणि ओलीची चाचणी या दोन्ही गोष्टी लेखी घ्या.