किट जोडण्यासाठी कोणते सोल्डर घ्यावे? डबीतली पेस्ट लागते का?

तुम्ही एफएम रेडिओचे किट मागवले आहे आणि सोल्डरसोबत डबीतली पेस्टही घ्यावी का, असे विचारले आहे. पेस्ट घेऊ नका. याच मुद्द्यावरून माझे आणि माझ्या मामांचे आजवर पटलेले नाही.

मामांचे चिपळूणला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान होते. त्यांचा हात खरोखर चांगला होता, पण प्रत्येक जोडाआधी तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचे बिट, म्हणजे टोक, पेस्टच्या डबीत बुडवायचे, ही त्यांची सवय. त्यांनी घरासाठी अ‍ॅम्प्लिफायरचे एक किट जोडले आणि पहिला पावसाळा सरत आला तसा तो खरखरू लागला. मामांनी कपॅसिटर बदलले, मग ट्रान्सफॉर्मरला दोष दिला. मी बोर्ड उलटा करून भिंगातून पाहिला, तेव्हा जोडांभोवती तपकिरी चिकट थर होता, त्याच्या कडेने तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवी पूड धरली होती आणि एक बारीक पट्टी तर पार खाल्ली गेली होती. मामांची पेस्ट पत्र्याच्या कामाची होती आणि तशा पेस्टमध्ये झिंक क्लोराइड किंवा नवसागर असतो. कल्हईवाला नवसागर वापरतो, पण भांडे नंतर धुतले जाते. बोर्डावर राहिलेला क्षार मात्र कोकणातल्या दमट हवेतले पाणी ओढून तांबे खात बसतो. मी बोर्ड कोमट पाण्याने व ब्रशने धुतला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवला, तुटलेली पट्टी तारेने सांधली आणि खरखर थांबली. तरीही मामांच्या मते दोष कपॅसिटरचाच होता. कपॅसिटर बदलल्यावरही खरखर तशीच होती, याचे उत्तर त्यांनी अजून दिलेले नाही.

तुम्ही पोटात रोझिन (जोडाची जागा स्वच्छ करून सोल्डर नीट पसरवणारी राळ) असलेली 63/37, म्हणजे 63 टक्के कथील आणि 37 टक्के शिसे असलेली, सोल्डरची तार घ्या. ती 183 अंश सेल्सियसला एकदम वितळते आणि एकदम गोठते, त्यामुळे गोठताना भाग हलून जोड कच्चा राहण्याची शक्यता कमी होते. 60/40 सुद्धा चालते. जाडी 22 गेज, म्हणजे साधारण 0.7 मिलिमीटर असावी. 18 गेजच्या जाड तारेने आयसीचे (अनेक पायांच्या चिपचे) शेजारचे पाय सहज शॉर्ट होतात. नव्या किटला तारेतले रोझिन पुरते. भागांचे पाय काळवंडले असतील, तर पेस्ट शोधण्याऐवजी ते ब्लेडने हलकेच खरवडून घ्या.

अर्थात, सगळ्याच पेस्ट अशा तांबे खाणाऱ्या नसतात. डबीवर रोझिन लिहिलेले असेल आणि ती इलेक्ट्रॉनिक्ससाठीच असेल, तर जुन्या बोर्डाच्या दुरुस्तीला ती जरूर वापरावी. या तारेत शिसे असते, म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुवा आणि कामाच्या टेबलावर काही खाऊ नका. दिसणारा धूर शिशाचा नसून रोझिनचा असतो, पण तोही छातीला त्रास देतो, तेव्हा खिडकी उघडी ठेवा. बिनशिशाची तार 217 ते 227 अंशांच्या आसपास वितळते आणि नवख्याला जड जाते. घरच्या किटसाठी मी ती सुचवणार नाही.