मुलीला वर्षभर एक्स्चेंजवर पाठवताय, तर परतण्याचंही आधीच बघून ठेवा

ताई, तुमचा प्रश्न वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहितो. तुमची मुलगी सोळा वर्षांची आहे, अमेरिकेत एक शालेय वर्ष एक्स्चेंज विद्यार्थिनी म्हणून राहायला तिची निवड झाली आहे, तिला पुढेही तिथेच राहायचं आहे, आणि तुम्ही विचारता की हे वर्ष कायमच्या स्थलांतराचा पहिला टप्पा धरून चालावं का. मी तिच्याच वयात असा गेलो होतो. परत आलो, शिक्षण पुरं केलं, नोकरीसाठी पुन्हा निघालो आणि आता तिथलाच झालो. सध्या एका संस्थेचा स्थानिक समन्वयक म्हणून काम करतो. आमच्या भागात आलेल्या मुलांची आणि त्यांच्या होस्ट फॅमिलीची दर महिन्याला विचारपूस करणं हे माझं काम. व्हिसाची मुलाखत, विमा, सामानाचं वजन हे सगळं संस्था तुम्हाला सांगेलच. मी त्यात शिरत नाही.

तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर: नाही. पहिला टप्पा धरू नका.

कारण एक तर कागदावरचं आहे. शाळकरी मुलांचं हे एक्स्चेंज जे-१ व्हिसावर होतं आणि ते जास्तीत जास्त एका शालेय वर्षाचं असतं. मुदत वाढवून तिथेच पुढची इयत्ता करता येत नाही, आणि एकदा असं वर्ष केलेल्या मुलाला पुन्हा याच कार्यक्रमात येता येत नाही. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसा घेऊन सरकारी हायस्कुलात शिकायचं म्हटलं, तर तिथेही बारा महिन्यांची मर्यादा आहे आणि शाळेचा पूर्ण खर्च भरावा लागतो. त्यात, मुलगी सरकारी पैशातून जात असेल तर दोन वर्षांचं कलम लागतं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकी काँग्रेसने २००२ मध्ये सुरू केलेली केनेडी-लुगार यस ही त्यातली एक शिष्यवृत्ती. अशा मुलांना परतल्यावर आपल्या देशात एकूण दोन वर्षं राहिल्याशिवाय नोकरीचा एच किंवा कंपनीतर्फे बदलीचा एल व्हिसा मिळत नाही, ग्रीन कार्डही नाही. कॉलेजसाठी एफ-१ घेऊन जायला हे कलम आड येत नाही. शिवाय घरी राहून शाळा आणि पुढचं शिक्षण करताना ती दोन वर्षं भरूनही जातात. तेव्हा घाबरायचं कारण नाही. पण संस्थेकडून मिळणाऱ्या तिच्या डीएस-२०१९ या कार्यक्रमाच्या कागदावर आणि व्हिसावर हे कलम लागू आहे की नाही याची नोंद असते. ती तुम्ही स्वतः वाचा, मुलीवर सोडू नका. सोळाव्या वर्षी असलं काही कोणी वाचत नाही.

दुसरं कारण मला कागदापेक्षा मोठं वाटतं. ही सगळी योजना परत येण्यासाठीच आखलेली आहे. एएफएस ही यातली जुनी संस्था. १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात, ती फ्रान्समध्ये जखमी सैनिकांना हलवणाऱ्या रुग्णवाहिका चालकांची तुकडी होती. दुसरं महायुद्धही बघून झाल्यावर त्याच माणसांनी ठरवलं की आता जखमी उचलण्यापेक्षा पोरांना एकमेकांच्या घरात राहायला पाठवू, आणि १९४७ पासून शाळकरी मुलांची ये-जा सुरू झाली. ज्याच्या घरात वर्षभर जेवलो-झोपलो त्याच्याबद्दल कोणी काहीबाही सांगितलं तर माणूस सहज विश्वास ठेवत नाही, एवढी साधी श्रद्धा त्यामागे आहे. माझी त्या श्रद्धेवर अजून निष्ठा आहे. तुमची मुलगी पुढच्या नोकरीवर डोळा ठेवून तिथे राहिली, तर त्या घराशी तिचं नातं जुळायचं राहून जाईल.

आता शाळेच्या कागदांबद्दल, कारण इथे माझी जखम अजून ओली आहे. माझं एक वर्ष वाया गेलं. तिथल्या शाळेत मी गणित, इतिहास, रसायनशास्त्र सगळं मन लावून केलं होतं, गुण उत्तम होते, सीलबंद ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषयवार गुणांचा दाखला, घेऊन परतलो होतो. इथे कार्यालयात बसलेल्या बाईंनी तो कागद खिडकीच्या उजेडात उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "यात प्रत्येक विषयाचे तास कुठे आहेत? अभ्यासक्रम कुठे आहे?" ते त्या कागदावर नव्हतं. तिथल्या शाळेला पत्र पाठवलं, तर तिला उन्हाळ्याची सुट्टी लागलेली. उत्तर आलं तोवर प्रवेश बंद झाले होते. बरोबरची मुलं पुढच्या वर्गात गेली आणि मी धाकट्यांच्या बाकावर जाऊन बसलो. आज इतक्या वर्षांनी ही गोष्ट किरकोळ वाटायला हवी. वाटत नाही. ज्या वर्षात मी सगळ्यात जास्त शिकलो, त्या वर्षावर कोणीतरी काहीच शिकला नाही असा शिक्का मारला होता.

म्हणून कळकळीने सांगतो: मुलगी निघण्यापूर्वी इथल्या शाळेकडून आणि बोर्डाकडून लेखी घ्या की परतल्यावर तिला कोणत्या वर्गात घेतील आणि त्यासाठी कोणते कागद लागतील. तोंडी आश्वासनाला काही अर्थ नाही, आश्वासन देणाऱ्याची वर्षभरात बदली होते. तिथे पोचल्यावर विषय निवडतानाच ती यादी तिने शाळेच्या काउन्सेलरपुढे ठेवावी. मेच्या सुरुवातीला, शाळा सुरू असतानाच, ट्रान्सक्रिप्टबरोबर विषयवार तास आणि अभ्यासक्रमाचं पत्र मागून घ्यावं. अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा सरकारी शिक्का, लागणार असेल तर आधी शाळेच्या माणसाची सही नोटरीसमोर व्हावी लागते आणि मग त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयातून अपोस्टिल मिळतं. काही राज्यांत मध्ये आणखी एक पायरी असते. हे इथून करायला गेलात तर महिने जातात, तिथे असताना होऊन जातं. आणि हायस्कुलचा डिप्लोमा मिळेल असं धरू नका. तो द्यायचा की नाही हे ती शाळा ठरवते, संस्था त्याची हमी देत नाही.

एकटेपणाबद्दल तुम्ही बरंच विचारलंय. खरं सांगू? येतो, चार-सहा आठवडे छळतो आणि जातो. दिवस लहान झाले की पुन्हा डोकावतो. फोनवर ती रडली तर ऐकून घ्या, लगेच विमानाचं तिकीट बघायला लागू नका. रडणाऱ्या मुलीची मला काळजी वाटत नाही.

मला काळजी वाटते ती "सगळं छान आहे" म्हणणाऱ्या मुलांची.

आमच्या भागात आलेल्या एका मुलाची गोष्ट सांगतो. घर चांगलं, माणसं प्रेमळ. मी दर महिन्याला विचारायचो, तो दर महिन्याला हसून म्हणायचा, "ऑल गुड." मार्चमध्ये होस्ट मदर त्याच्या खोलीत व्हॅक्यूम फिरवत होत्या, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की जमिनीतली गरम हवेची जाळी बंदच आहे. बाजूचा छोटा दांडा सरकवला की ती उघडते, पण ते त्याला कोणी दाखवलं नव्हतं. बाहेर बर्फ असताना अख्खा हिवाळा तो पोरगा जाकीट आणि लोकरी टोपी घालून झोपला होता. खोली थंड आहे एवढंही त्याने कोणाला सांगितलं नाही. त्याला वाटलं, या घरात असंच असतं, आणि तक्रार करणं बरं दिसत नाही. त्या बाईंनी मला फोन केला तेव्हा त्या रडत होत्या. "माझ्या घरात, माझ्या छताखाली," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

त्या मुलाला मी आतून ओळखतो. दुसऱ्याच्या घरात राहायला लागलेलं चांगलं वळणाचं मूल फार लवकर शिकतं की आपण कमीत कमी जागा व्यापायची. कुठली पायरी वाजते ते त्याला माहीत होतं. भांडी कुठल्या खणात जातात, आंघोळीला किती वेळ घेतलेला चालतो, फ्रिजमधलं काय सगळ्यांचं आणि काय कोणा एकाचं, सगळं पाठ होतं. बाहेरून हे समजूतदारपणासारखं दिसतं आणि सगळे कौतुक करतात. पण होस्ट फॅमिलीला या कामाचे पैसे मिळत नाहीत. त्यांनी हौसेने घरात एक मूल घेतलेलं असतं, आणि त्यांना मूल हवं असतं, शहाणा पाहुणा नव्हे.

नियम मुलांच्या बाजूचे आहेत, हे तुमच्या मुलीला माहीत असू द्या. होस्ट घराची प्रत्यक्ष पाहणी होते, घरातल्या प्रत्येक प्रौढाची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासली जाते. मुलाला स्वतःचा पलंग हवा, हवा भरायची गादी किंवा उघड-मीट करायचा सोफा चालत नाही, इतकं बारीक लिहून ठेवलंय. समन्वयकाने दर महिन्याला मुलाशी बोलायचं असतं. घर जुळत नसेल तर बदलून मागता येतं, त्यात कोणाचा अपमान नाही. पासपोर्ट तिच्याच ताब्यात राहावा. हे सगळं असूनही, मूल बोललंच नाही तर त्या नियमांचा उपयोग शून्य. म्हणून फोनवर "कशी आहेस?" विचारू नका. "रात्री खोलीत थंडी वाजते का? या आठवड्यात कोणाकडे काय मागितलंस?" असं विचारा. काहीच मागितलं नसेल तर पुढच्या फोनपर्यंत एक तरी गोष्ट मागायची, असं तिला सांगून ठेवा. मी आता नव्या मुलांना पहिल्याच भेटीत हे सांगतो.

आणि परत आल्यावरचं. त्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, कोणीच विचारत नाही. स्वेरे लिस्गार्ड नावाच्या नॉर्वेच्या संशोधकाने १९५५ मध्ये अमेरिकेत राहून आलेल्या आपल्या देशबांधवांचा अभ्यास करून मांडलं की सुरुवातीचा उत्साह ओसरतो, मन खाली जातं आणि मग हळूहळू वर येतं. १९६३ मध्ये गुलाहॉर्न दाम्पत्याने त्यात भर घातली: घरी परतल्यावर हेच चक्र पुन्हा फिरतं. मला हे फार उशिरा वाचायला मिळालं. मी परतलो तेव्हा सगळ्यांना वाटलं, पोरगा घरी आला, संपलं. आल्यावर पहिल्या सकाळी मी स्वयंपाकघरात गेलो, फ्रिजच्या दारावर हात ठेवला आणि आईला विचारलं, "हे घेऊ का?" ती ओट्याशी उभी होती. ती वळली आणि माझ्याकडे नुसती बघत राहिली. मी वाईट काही बोललो नव्हतो. पण तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून दिसतं.

ती सवय गेली असं मला आजही खात्रीने म्हणता येत नाही. स्वतःच्या घरात मी चांगला वागत राहिलो. भांडलो नाही, हट्ट केला नाही, कुठे दुखलं ते सांगितलं नाही. काही वर्षांनी कायमचा निघालो तेव्हाही घर सोडणं मला जितकं जड जायला हवं होतं तितकं गेलं नाही. आई म्हणते, तुला आम्ही त्या वर्षीच देऊन टाकलं. मी तिला म्हणतो तसं काही नाही. आम्ही दोघं हे वर्षानुवर्षं बोलतो आहोत आणि कोण बरोबर आहे ते मला माहीत नाही. त्या वर्षाने मला जे दिलं ते मी कशाच्याही बदल्यात परत करणार नाही. तिथल्या होस्ट फॅमिलीशी माझं नातं अजून टिकून आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या एकमेकींत मिसळत नाहीत.

तुमचा प्रश्न मनाला इतका लागला त्याला आणखी एक कारण आहे. माझी मुलगी पंधराची आहे. तिने शाळेतून एक्स्चेंजचा फॉर्म आणलाय, त्यावर आईवडिलांच्या सहीची जागा आहे. बायकोने केली. माझी अजून व्हायची आहे. करीन बहुधा. पण त्याआधी मला तिच्याशी परतण्याबद्दल बोलायचंय, आणि सुरुवात कशी करावी ते सुचत नाहीये.

तुम्ही पाठवा, ताई. निवड झाली आहे, तिला जायचंय, सोळावं वर्ष त्यासाठी योग्य आहे. फक्त ती परतल्यावरचे पहिले दोन-तीन महिने मोकळे ठेवा. लगेच क्लास लावू नका, पाहुण्यांपुढे अनुभव सांगायला उभी करू नका. ती चिडेल, तुलना करेल, इथलं सगळं नकोसं आहे असं म्हणेल. म्हणू द्या. घरात भांडायला लागली तर मला बरं वाटेल.

तिचं शाळेचं नाव आणि राज्य कळलं की कळवा. तास आणि अभ्यासक्रमाचं पत्र मागायचा मजकूर माझ्याकडे तयार आहे, तिच्या विषयांप्रमाणे बदलून देतो. आणि बोर्डाचं लेखी उत्तर आलं का तेही सांगा. त्यासाठी आजच अर्ज करा, त्यांना वेळ लागतो.